पूल (पोहायचा, ओलांडायचा नव्हे), पंप आणि टेक्ससचा गारठा

खडीसाखर | गुरुवार, 11 जानेवारी 2024, रात्री 9:40

मंडळी, रविवारी भोगी, सोमवारी संक्रांत, आणि हवामानवाले म्हणतायत की नेमक्या त्याच दोन-तीन दिवसांत आमच्या फ्रिस्कोत (डॅलसजवळ) पारा 15 फॅरनहाइटच्याही खाली जाणार. भारतातल्यांसाठी सांगते, शून्याखाली नऊ-दहा सेल्सियस. म्हणजे यंदा पुलावर खरोखरच संक्रांत आहे.

ज्यांच्याकडे पूल नाही त्यांनी "श्रीमंतांची दुखणी" म्हणून पुढे जायला माझी हरकत नाही. आम्हीही हौसेने बांधलेला नाही. शाळा चांगली म्हणून घर घेतलं, त्याबरोबर पूल गळ्यात पडला. उन्हाळ्यात मुलं चार महिने डुंबतात आणि उरलेले आठ महिने मी पानं काढते.

कालपासून कॉलनीच्या व्हॉट्सॲपवर एकच मेसेज फिरतोय, "पंप चालू ठेवा, नळ ठिबकते ठेवा". 2021 च्या फेब्रुवारीतही शब्दशः हाच मेसेज होता. आम्ही ठेवला होता पंप चालू. तरी साडेतीन हजार डॉलरला खड्डा पडला. म्हणून हा धागा काढतेय. पंप चालू कसा ठेवायचा हे कोणीही सांगेल. वीज गेली तर काय, ते मला त्या रात्री कोणीही सांगितलं नव्हतं. आमच्या पूल सर्व्हिसवाल्यानेही नाही, आणि तो दर महिन्याला पैसे घेत होता.

आधी थोडी पार्श्वभूमी. वर न्यू जर्सी-बोस्टनकडे पूल हिवाळ्यापुरता मिटतात. आमच्याकडे मिटत नाहीत. पाणी बारा महिने फिरतं असतं. ऐन थंडीत पंप थांबू द्यायचा नाही, कारण वाहतं पाणी सहसा गोठत नाही आणि पुलाच्या पोटातलं हजारो गॅलन पाणी हवेपेक्षा कितीतरी ऊबदार असतं. ते पाइपांतून फिरत राहिलं की पाइपही वाचतात. बहुतेक कंट्रोलरमध्ये फ्रीज प्रोटेक्शन असतं. हवा 36-38 फॅरनहाइटवर आली की पंप आपला आपण सुरू होतो. जमिनीखालच्या पाइपांना आमच्याकडे फारशी भीती नाही. धोका असतो तो बाहेर उघड्यावर मांडलेल्या गोतावळ्याला: पंप, फिल्टर, हीटर, क्लोरिनेटर आणि त्यांना जोडणारे पांढरे पाइप.

आता 2021. 15 फेब्रुवारीच्या रात्री दीडच्या सुमारास ग्रीडवाल्यांनी वीज तोडायला सुरुवात केली. आमची दोनला गेली. सगळे म्हणत होते की आळीपाळीने जाईल, पाऊण तासात येईल. आम्ही दुलया ओढून वाट बघत बसलो. वीज आली ती बुधवारी. मधल्या मंगळवारी, 16 तारखेला, डॅलस विमानतळावर पारा उणे 2 फॅरनहाइट, म्हणजे उणे 19 सेल्सियस! सकाळी बाहेर गेले तर पंपाच्या पारदर्शक झाकणाखाली पानांची जाळी बर्फात अडकलेली, खडीसाखरेत दोरा असतो ना तशी. (हो, आयडी तिथूनच.) तेव्हा काही फुटलेलं दिसत नव्हतं. शुक्रवारी ऊन पडलं, बर्फ वितळला, मग पंपाच्या भांड्याला केसाएवढी रेघ दिसली. तिच्यातून पाण्याची चिळकांडी थेट हीटरच्या अंगावर. हीटरचं हेडर (पाणी आत-बाहेर होतं तो भाग) आतून गेलेलं, क्लोरिनेटरचे दोन तुकडे. आणि सुटे भाग? अख्ख्या टेक्ससचे पंप एकाच आठवड्यात फुटलेले. आम्हाला पंप मिळाला एप्रिलच्या शेवटी, तोवर पाणी शेवाळून गच्च हिरवं.

नंतर ज्या माणसाने पंप बसवला त्याने मला पंपाच्या पोटाखाली बोट घालून दाखवलं. तिथे अंगठ्याएवढी दोन प्लास्टिकची बुचं असतात. वीज जाताच ती काढली असती तर सगळं पाणी खाली गेलं असतं आणि फुटायला आत काही उरलंच नसतं. दहा मिनिटांचं काम. मी त्या बुचांकडे बघतच राहिले.

तर माझा आताचा बेत असा. पंप शनिवार संध्याकाळपासून सतत चालू. वीज गेली आणि पंधरा मिनिटांत आली नाही की वाट बघायची नाही, बाहेर जायचं. पॅनेलमधला पंपाचा ब्रेकर पाडायचा, फिल्टरच्या डोक्यावरचा हवेचा व्हॉल्व्ह उघडायचा, पंपाचं झाकण सैल करायचं, मग बुचं काढायची. पंपाची दोन, फिल्टरचं खालचं एक. हीटरची मात्र मला अजून सापडलेली नाहीत. तिथेच अडलंय. कुणाला माहीत आहे?

---

आवळासुपारी | 11 जानेवारी, रात्री 10:15

खडीसाखर, धागा वेळेवर आला. आम्ही ऑस्टिनला. हीटरचं मला ठाऊक नाही, पण फ्रीज प्रोटेक्शनवर डोळे मिटून विसंबू नका एवढं सांगते.

आमचा हवेचा सेन्सर आधीच्या मालकाने भिंतीवर लावलेला होता, ड्रायरची गरम हवा बाहेर पडते त्या जाळीपासून हातभर अंतरावर. डिसेंबर 2022 मध्ये नाताळच्या आधी थंडी पडली तेव्हा यांनी रात्री ड्रायरमध्ये कपडे टाकले. झालं! सेन्सरला वाटलं वसंत ऋतू आला. बाहेर वीस फॅरनहाइट आणि कंट्रोलर दाखवतोय बावन्न. पंप गप्प. मी सहज पाणी प्यायला उठले, आवाज येत नाही म्हणून खिडकीतून पाहिलं, म्हणून वाचलो.

तेव्हा उद्या दिवसाउजेडी ॲपमधलं हवेचं तापमान आणि फोनवरचं तापमान ताडून पाहा. पाच-सहा अंशांहून जास्त फरक असेल तर सेन्सर दुसरीकडे न्या, जिथे ऊनही नाही आणि हीटरचा धूरही नाही.

---

नाकतोडा | 11 जानेवारी, रात्री 10:52

न्यू जर्सीतून हसतोय. आमचा पूल ऑक्टोबरात झाकला. पाणी स्किमरच्या (कडेला पाणी आणि पानं ओढून घेणारा खण) तोंडाखाली उतरवलं, कॉम्प्रेसरने सगळ्या लाइनी फुंकल्या, बुचं ठोकली, पाइपांत गुलाबी अँटीफ्रीझ ओतलं, वर जाळीचं झाकण ताणलं. आता मे महिन्यापर्यंत त्याचं तोंड बघणार नाही. तुम्ही लोक चार दिवसांच्या थंडीसाठी रात्री दोनला कंदील घेऊन का पळता? तुम्हीही अँटीफ्रीझ ओतून टाका की.

---

उंटावरचा_शहाणा | 12 जानेवारी, सकाळी 6:30

नाकतोडा, तुमचं बरोबर आहे पण तुमच्यापुरतं. फिरत्या पुलात अँटीफ्रीझ ओतलं तर पंधरा मिनिटांत ते पंधरा हजार गॅलनमध्ये विरघळून नाहीसं होईल. ते फुंकून कोरड्या केलेल्या, दोन्ही टोकांना बंद लाइनीत टाकायचं असतं. आणि कुणी घाईत गॅरेजमधलं गाडीचं हिरवं अँटीफ्रीझ ओतू नका. ते विषारी असतं. पुलाचं वेगळं मिळतं, प्रॉपिलीन ग्लायकॉलचं.

मी ह्यूस्टनला, पेशाने मेकॅनिकल. 2021 ला आमच्याकडे पारा 13 फॅरनहाइटला टेकला होता. खाडीकाठच्या गावात! तेव्हा अख्ख्या गल्लीत आम्ही दोघांनीच पाणी काढलं होतं.

खडीसाखरताई, तुमच्या क्रमात एक मोठी गफलत आहे. बुचं काढण्याआधी बघा की तुमची उपकरणं पुलाच्या पाण्याच्या पातळीच्या वर आहेत की खाली. वर असतील (सपाट अंगणात बहुधा असतात) तर व्हॉल्व्ह उघडेच ठेवा. झाकण सैल केलं की हवा आत जाते आणि पाइपांतलं पाणी आपोआप पुलाकडे उतरतं. पण अंगण उताराचं असेल आणि पंप खाली असेल, तर बूच काढल्याबरोबर अख्खा पूल त्या भोकातून बाहेर यायला लागेल. अशा वेळी आधी पुलाकडून येणारे आणि पुलाकडे जाणारे व्हॉल्व्ह बंद करायचे, मग बुचं. माझ्या एका सहकाऱ्याने हे न करता बूच काढलं आणि काळोखात ते हातातून निसटलं. पुढचं सांगत नाही.

दुसरं. बॉल व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवला तरी आतल्या गोळ्याभोवती थोडं पाणी अडकून राहतं आणि तेवढंच त्याला फोडायला पुरतं. पाणी काढून झाल्यावर (पूल अडवायला बंद केलेले व्हॉल्व्ह सोडून) दांडा मधोमध, पंचेचाळीस अंशांवर ठेवा. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. मोकळी जागा मिळाली तर ते तिकडे सरकतं, नाही मिळाली तर प्लास्टिक फोडून जागा करतं.

तिसरं. ब्रेकर पाडायचं तुम्ही लिहिलंय, ते का तेही लोकांना कळू द्या. पाणी काढल्यावर पहाटे चारला वीज आली तर टायमर पंप सुरू करेल. कोरडा पंप चालला की शाफ्टचं सील (मोटरकडे पाणी जाऊ न देणारं) जळतं. म्हणजे बर्फापासून वाचलात आणि विजेने मेलात.

हीटरची बुचं: पाणी आत-बाहेर होतं त्या बाजूला हेडर असतं, त्याच्या तळाशी बहुधा एक किंवा दोन. काही मॉडेलमध्ये दुसरं बूच विरुद्ध बाजूला, पत्रा काढल्याशिवाय दिसत नाही. आधी बंद करून पूर्ण निवू द्या. गॅसचा कॉकही बंद. मग गुडघ्यावर बसून टॉर्च मारा.

---

नवीन_पूलवाली | 12 जानेवारी, सकाळी 9:05

मी प्लेनोला, घर घेऊन चार महिने झाले, पहिलाच हिवाळा. प्रश्न बाळबोध असतील, सांभाळून घ्या.

1. आमच्याकडे कंट्रोलर-बिंट्रोलर नाही. एक करडी पेटी आहे, तिच्यात पिवळी तबकडी फिरते. फ्रीज प्रोटेक्शन कुठे असेल?
2. पंपाला जुनी गोधडी गुंडाळू का?
3. धबधबा बंद ठेवायचा ना? वीज वाचेल.

---

खडीसाखर | 12 जानेवारी, सकाळी 9:40

सांभाळून कसलं घ्यायचं, 2021 ला मला पंप कुठला आणि फिल्टर कुठला तेही कळत नव्हतं.

पिवळी तबकडी म्हणजे साधा यांत्रिक टायमर. तबकडीच्या कडेला दोन छोटे धातूचे खिळे स्क्रूने आवळलेले असतात, एक चालूचा आणि एक बंदचा. बंदचा सैल करून काढा आणि खिशात नाही, पेटीतच ठेवा. मग खालचा दांडा हाताने चालूवर टाका. पंप बंद होणार नाही. फ्रीज प्रोटेक्शन नसेलच बहुतेक. थंडी सरली की खिळा परत लावायला विसरू नका, नाहीतर बिल येईल तेव्हा कळेल.

धबधबा बंद ठेवू नका! ही चूक सगळे करतात. ज्या लाइनीतून पाणी फिरत नाही ती गोठते. स्पा असेल, धबधबा असेल, क्लीनरची वेगळी लाइन असेल, सगळ्यांना थोडं थोडं पाणी जाऊ द्या. थ्री-वे व्हॉल्व्ह (पाणी दोन लाइनींत वाटतो तो) मधोमध ठेवायचा. सगळ्या तोंडांपाशी हात घालून बघा, पाण्याचा धक्का लागला पाहिजे.

---

आवळासुपारी | 12 जानेवारी, सकाळी 10:10

क्लीनरला वेगळा बूस्टर पंप असेल तर तोही चालू हवा. लोक त्याला विसरतात. फक्त मुख्य पंप चालू असतानाच, एरवी नको.

---

उंटावरचा_शहाणा | 12 जानेवारी, दुपारी 12:20

गोधडीबद्दल. चालू मोटरला गुंडाळू नका, तिला हवा लागते, गुदमरून बंद पडेल. हीटरच्या धुराड्यावर तर अजिबात नको. वीज गेली, पाणी काढलं, सगळं थंड झालं, मग हवं तर जुन्या रजया टाका आणि वर ताडपत्री. पण पाणी काढलं असेल तर रजईची गरज नसते, आणि नसेल तर रजई फार तर काही तास पुढे ढकलते. रजई स्वतः उष्णता देत नाही.

व्हेरिएबल स्पीड पंपवाल्यांनी वेग फार कमी ठेवू नये. लोक वीज वाचवायला अगदी तळाला नेतात, मग लांबच्या लाइनीत पाणी पोचतच नाही. काही पंपांत स्वतःचं फ्रीज प्रोटेक्शन असतं, पण पंप बाहेरच्या कंट्रोलरच्या ताब्यात असेल तर ते बरेचदा बंद असतं. पुस्तिका वाचा. वाचायची राहून गेली असेल तर आज रात्री वाचा.

---

मिरचीचा_ठेचा | 12 जानेवारी, संध्याकाळी 7:00

आमच्याकडे काका दरवर्षी ताडपत्रीखाली शंभर वॉटचा जुना बल्ब लटकवायचे. छान ऊब राहायची. एलईडी नको, त्याला ऊब नसते.

---

उंटावरचा_शहाणा | 12 जानेवारी, संध्याकाळी 7:25

कृपया करू नका. वारा सुटला की ताडपत्री बल्बला टेकते, ओली होते, वायर बाहेर. आणि वीज गेल्यावर तो बल्ब काय करणार? आपण इथे बोलतोय ते विजेशिवायच्या रात्रीबद्दल.

---

मिरचीचा_ठेचा | 12 जानेवारी, संध्याकाळी 7:31

काकांच्या तीस वर्षांच्या अनुभवावर पाणी ओतलंत.

---

नाकतोडा | 12 जानेवारी, संध्याकाळी 7:40

ओतलेलं पाणी गोठायच्या आत बूच काढा.

---

पहाटवारा | 13 जानेवारी, सकाळी 8:15 (भारत)

नाशिकहून वाचतोय, पूल वगैरे काही नाही. द्राक्षबाग आहे. पण हे वाचून गंमत वाटली, कारण आम्हीही हेच करतो. निफाडला पारा चार-पाचवर आला की पहाटे ठिबक सुरू करायचं. विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं, मुळाशी ऊब राहते. बांधावर शेकोट्या पेटवायच्या, धुराचं पांघरूण होतं. आणि नेमकी त्याच वेळी वीज नसते! रात्रीच्या पाळीची वीज कधी येईल याची वाट बघत मोटरपाशी बसायचं, हे टेक्ससमध्येही चालतं हे वाचून बरं वाटलं.

---

खडीसाखर | 13 जानेवारी, सकाळी 7:10

अहो, माझे अण्णा पिंपळगाव बसवंतचे! सध्या इथेच आहेत. तुमचा प्रतिसाद त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. म्हणाले, "बघ, मी कालच म्हटलं होतं. पाणी चालतं ठेवायचं आणि इंजिन जवळ ठेवायचं." इंजिन म्हणजे डिझेलचं. त्यांच्या मते जनरेटर न घेता पूल घेणं म्हणजे बैलाशिवाय गाडी घेणं.

---

आवळासुपारी | 13 जानेवारी, सकाळी 9:30

अण्णांना नमस्कार. जनरेटरचा विषय निघालाच आहे तर: पंप 230 व्होल्टचा असेल तर 120 व्होल्टचा छोटा जनरेटर कामाचा नाही, हे आम्ही घरी आणल्यावर वाचलं. पुलाचा पंप बहुधा थेट वायरने जोडलेला असतो, प्लग-सॉकेट नसतं. घरच्या पॅनेलला जोडायचा तर इलेक्ट्रिशियनने ट्रान्सफर स्विच (घर ग्रीडवरून जनरेटरवर नेणारा) बसवलेला हवा. आता दोन दिवसांत ते होणार नाही. तहान लागल्यावर विहीर खणण्यातला प्रकार. तेव्हा बुचांवरच भर द्या.

आणि ज्यांच्याकडे आहे त्यांनी जनरेटर गॅरेजमध्ये लावू नका, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही. 2021 ला थंडीपेक्षा कार्बन मोनॉक्साइडची भीती वाटावी अशी वेळ आली होती. लोकांनी ऊब मिळावी म्हणून घरात कोळशाच्या शेगड्या आणि गॅरेजमध्ये गाड्या चालू ठेवल्या, त्यात माणसं गेली. पंप फुटला तर नवा मिळतो.

---

खडीसाखर | 13 जानेवारी, रात्री 9:20

आज रंगीत तालीम केली. यांनी ब्रेकर पाडला, अण्णा खुर्ची टाकून मोबाइलवर वेळ लावून बसले.

पहिलं बूच हलेचना. तीन वर्षांत कोणी हात लावलेला नव्हता. पकडीने जोर लावायचा मोह झाला, पण त्याचे कान प्लास्टिकचे, मोडले तर संपलंच. फडकं गुंडाळून हाताने हळूहळू फिरवलं. निघालं, आणि पाणी... आलंच नाही! दोन थेंब आणि गप्प. मी म्हटलं आत बर्फ झाला की काय, आत्ताच? मग उंटावरचे दादा काय म्हणाले ते आठवलं. पंपाचं झाकण घट्ट होतं, हवा आत जायला वाट नव्हती. झाकण सैल केल्याबरोबर घळाघळा. बूट भिजले. बाहेर थंडी, आणि पाणी चक्क कोमट लागलं.

हीटरचं दुसरं बूच सापडलं, खरंच पत्र्यामागे. तीन स्क्रू. ते स्क्रू आता हातानेच बसवलेत, अंधारात पेचकस शोधायला नको.

सगळं मिळून सव्वीस मिनिटं. दुसऱ्यांदा केलं, अकरा. अण्णा म्हणाले, "अजून दोनदा कर, सात होतील." मी नाही केलं.

परत सुरू करताना: बुचं लावली, पंपाच्या भांड्यात दोन बादल्या पाणी ओतलं, झाकण आवळलं, ब्रेकर वर. फिल्टरच्या डोक्यावरच्या व्हॉल्व्हमधून आधी फुस्स हवा, मग थुंकत थुंकत पाणी, मग सरळ धार. धार आली की तो बंद.

---

उंटावरचा_शहाणा | 13 जानेवारी, रात्री 9:45

शाबास. एवढं फक्त लक्षात ठेवा: भांड्यात बर्फ दिसत असेल तर पंप सुरू करायचा नाही, आतला पंखा अडकलेला असतो. आणि उकळतं पाणी ओतायचं नाही, गार प्लास्टिक तडकतं. ऊन पडू दे, नाहीतर केस वाळवायचं यंत्र लांबून.

खऱ्या वेळी काढलेली बुचं पंपाच्या जाळीत ठेवून झाकण हलकं टेकवा. पुढच्या वेळी पंप सुरू करायला झाकण उघडावंच लागतं, तेव्हा आपोआप हाती येतात.

---

नवीन_पूलवाली | 14 जानेवारी, दुपारी 3:30

पंप कालपासून चालू आहे. भोगीची भाजी केली, बाजरीची भाकरी थापली, आणि दर अर्ध्या तासाने खिडकीतून बघतेय. स्किमरच्या तोंडाशी पानांचा गठ्ठा झाला होता, पंप खर्रर्र करायला लागला. पाणी कमी पडलं का?

---

आवळासुपारी | 14 जानेवारी, दुपारी 3:42

लगेच पानं काढा आणि पाण्याची पातळी बघा. स्किमरच्या तोंडाच्या अर्ध्याच्या वर हवी. पाणी कमी पडलं किंवा तोंड बर्फाने बंद झालं तर पंप हवा खेचतो. स्किमरमध्ये एक प्लास्टिकची बाटली टाका, तळाशी मूठभर खडी घालून, म्हणजे अर्धवट बुडून राहील. बर्फ धरला तर तो बाटलीला दाबतो, स्किमरच्या भिंतीला नाही. बाटलीचं झाकण घट्ट. पुलावर बर्फाचा पापुद्रा आला तर हातोडा घेऊन जाऊ नका, फरशी तडकते. झाडूच्या दांड्याने स्किमरपाशी हळूच मोकळं करा.

---

खडीसाखर | 15 जानेवारी, पहाटे 5:50

जागे आहात का कोणी? ग्रीडवाल्यांनी सकाळी 6 ते 10 वीज कमी वापरा म्हणून आवाहन केलंय. पोटात गोळा आला. 2021 ला अशीच सुरुवात होती. पंप मात्र बंद करवत नाही. घरातले दिवे घालवलेत, थर्मोस्टॅट खाली आणलाय, वॉशिंग मशीनला सुट्टी. बूट दाराशी, टॉर्च बुटात. अण्णा देवापुढे तिळगूळ ठेवून बसलेत, म्हणतात, "ग्रीडवाल्यांनाही गोड बोलायला सांग."

---

उंटावरचा_शहाणा | 15 जानेवारी, सकाळी 6:05

जागा आहे. आवाहन आणि तोड यांत फरक आहे. तेव्हा एका क्षणी वीस हजार मेगावॉट तोडावे लागले होते, आणि अख्खं ग्रीड कोसळायला साडेचार-पावणेपाच मिनिटंच उरली होती. आज तशी स्थिती दिसत नाही. चहा घ्या.

---

खडीसाखर | 15 जानेवारी, सकाळी 10:20

गेली नाही! उद्या सकाळसाठीही आवाहन आलंय, पण आज तरी निभावलं. धबधब्याच्या दगडांवर बर्फाच्या दाढ्या लोंबतायत, खालून पाणी वाहतंय. तिळगूळ घ्या सगळ्यांनी.

---

नवीन_पूलवाली | 18 जानेवारी, सकाळी 11:15

पूल वाचला, सगळ्यांचे मनापासून आभार. पण पोपट झालाच. घराच्या बाजूला जमिनीतून वर आलेली पितळी नळ्यांची घोड्याच्या नालासारखी कमान आहे ना, लॉनच्या स्प्रिंकलरची, ती फुटली. काल दुपारी वितळल्यावर कारंजं उडालं. तिच्याबद्दल इथे कोणी बोललंच नाही!

---

आवळासुपारी | 18 जानेवारी, सकाळी 11:40

अरेरे. तो व्हॅक्यूम ब्रेकर, लॉनचं पाणी उलटं घरच्या पाण्यात येऊ देत नाही तो. खरंच राहिलं सांगायचं. पुढच्या वेळी स्प्रिंकलरचा जमिनीतला मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा, मग कमानीवर पेचकसाची खाच असलेले दोन छोटे कॉक असतात ते अर्धवट तिरके उघडून पाणी काढायचं. आता मुख्य बंद करा आणि बघा, बरेचदा आतलं प्लास्टिकचं टोपणच गेलेलं असतं. तेवढं किट स्वस्तात मिळतं, अख्खी कमान बदलायची गरज नसते. बाहेरच्या नळांना लावलेले होजपाइप पण काढून ठेवत जा.

---

नाकतोडा | 18 जानेवारी, दुपारी 1:00

एवढं सगळं करण्यापेक्षा ऑक्टोबरात झाकण टाका आणि झोपा.

---

खडीसाखर | 18 जानेवारी, दुपारी 1:12

एप्रिलमध्ये पोहायला या, तेव्हा तुमचं झाकण कुठे असेल तेही सांगा.

एक शंका राहिली. तालमीत काढलेल्या बुचांपैकी एक आता थेंब थेंब गळतंय. ओ-रिंग (बुचाची रबरी कडी) कोरडी पडलेली दिसते. घरात व्हॅसलीन आहे, लावू का?

---

उंटावरचा_शहाणा | 18 जानेवारी, दुपारी 1:30

नको, पेट्रोलियमने ती रबरं फुगतात आणि खराब होतात. पुलाच्या दुकानात सिलिकॉनचं ग्रीस मिळतं, ते बोटाने पातळ लावा. रिंगवर चीर दिसली तर ग्रीस वाया घालवू नका, नवी आणा. जुनी सोबत न्या, मापासाठी.

---

खडीसाखर | 18 जानेवारी, संध्याकाळी 6:05

चीर होतीच. दोन आणल्या, एक बसवली. दुसरी टायमरच्या पेटीत, टॉर्चशेजारी.